जुन्या स्कूटरचा एलईडी टेल लाईट सारखा उडतोय? नवीन एलईडी लावायच्या आधी मेलेला नीट बघा

तक्रार नेहमी साधारण एकच असते. व्हेस्पा नाहीतर लॅम्ब्रेटाच्या जुन्या टेल लाईटमध्ये हौसेने एलईडीचा बोर्ड बनवून बसवला, पहिल्या रात्री झकास पेटला, मग काही दिवसांनी एक ओळ (एकामागे एक जोडलेले दोन-तीन एलईडी) गेली, मग दुसरी, ती बदलली तर तिसरी. विचारलं की उत्तरही ठरलेलं, चांगल्या कंपनीचे एलईडी घ्या. घ्या की, पण वायरमधून जे येतंय ते तेच राहिलं तर चांगल्या कंपनीचे पण मरणारच, थोडे उशिरा एवढाच फरक. या कामात एलईडी स्वतः खराब निघाला असं फार क्वचित होतं. तो कसा मेला ते बघितलं की बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं, म्हणून काढलेला बोर्ड फेकू नका.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. व्हेस्पा १९४६ पासून आणि लॅम्ब्रेटा १९४७ पासून बनायला लागली, आणि नंतरची कितीतरी वर्षं या गाड्यांचे लाईट सरळ मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, कॉइलवर चालत होते. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी नाही, म्हणजे टेल लाईटच्या वायरमध्ये डीसी (एकाच दिशेचा करंट) नाहीच, एसी (सारखी दिशा उलटणारा) आहे, आणि तोसुद्धा इंजिनाच्या आरपीएमबरोबर वरखाली होणारा. जुना फिलामेंटचा बल्ब याची पर्वा करत नाही, एसी असो डीसी असो तार तापली की झालं. एलईडीला मात्र दिशा लागते आणि करंट मोजूनमापून लागतो. नेटवरचे बरेचसे सर्किट बॅटरीवाल्या बाईकसाठी काढलेले असतात, ते जसेच्या तसे इथे लावले की बोर्ड उडतो.

मेलेल्या बोर्डवर काय बघायचं

बोर्ड बाहेर काढा, उजेडात धरा, भिंग असेल तर उत्तम. मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक एलईडी तपासा, चांगला लाल एलईडी मंदसा पेटतो आणि मीटरवर १.६ ते १.८ च्या आसपास आकडा दिसतो. जो पेटत नाही त्याच्या पोटात वरून बघा. चिपच्या जागी काळा ठिपका असेल तर तो जास्त करंटने भाजलाय. ठिपका नाही, सगळं स्वच्छ दिसतंय, तरी ओपन (वाट तुटलेली) दाखवतोय तर आतली केसासारखी तार तुटलीये, ती एकतर जोरदार झटक्याने तुटते नाहीतर सोल्डरिंग करताना पाय जास्त वेळ तापवल्यामुळे. आणि एखाद्या ओळीत एक एलईडी बंद पण बाकीचे दोन नेहमीपेक्षा जास्त पेटतायत असं दिसलं तर बंद असलेला शॉर्ट झालाय, त्याच्या वाटणीचे व्होल्ट आता ओळीतल्या करंट आवरणाऱ्या रेझिस्टरवर पडून करंट वाढलाय आणि लवकरच बाकीचे दोन पण जाणार.

मग आठवून बघा की गेला कधी. ॲक्सिलेटर पिळल्यावर सगळा बोर्ड एकदम गेला का, हळूहळू मंद होत गेला का, की खड्ड्यात गाडी आदळल्यावर गेला आणि टिचकी मारल्यावर परत आला. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिघांचे उपाय पण वेगळे.

एकदम सगळे गेले तर

व्होल्टेज मोजा, अंदाज करू नका. मीटर एसीवर, एक टोक टेल लाईटच्या वायरला, दुसरं बॉडीला, हेडलाईट चालू ठेवा. आधी आयडलला बघा, मग हळूहळू रेस द्या. १२ व्होल्टवाल्या गाडीत रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) ठीक असेल तर आकडा वाढत वाढत १३-१४ च्या आसपास थांबतो आणि पुढे कितीही रेस दिली तरी तिथेच राहतो. थांबला नाही, रेसबरोबर चढतच राहिला तर रेग्युलेटर काम करत नाहीये आणि अशा गाडीवर कुठलाच बोर्ड टिकणार नाही, हेडलाईटचा बल्ब पण जाणारच आहे.

पण लगेच रेग्युलेटर बदलू नका. जुनी गाडी रिस्टोअर करून घेतली आणि त्यानंतर लाईट उडायला लागले असं असेल तर पहिला संशय रंगावर घ्या. रेग्युलेटरला काम करायला बॉडीची अर्थ (अर्थिंग) लागते, आणि नवीन रंग किंवा पावडर कोटिंग झाल्यावर त्याच्या बोल्टखाली जाड थर बसलेला असतो, वरून बोल्ट घट्ट दिसतो पण करंटला वाटच नाही. बोल्ट काढा, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, परत आवळा, वरून थोडं ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. मग परत मोजा. कितीतरी रेग्युलेटर ठीक असूनही कचऱ्यात जातात, दोष फक्त या एका बोल्टचा असतो.

जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांमध्ये बहुतेक रेग्युलेटर नसतोच. तिथे बल्बांचा लोडच व्होल्टेज आवरून धरतो. यातूनच एक वेगळी भानगड उभी राहते, लोक म्हणतात एलईडी टेल लाईट लावल्यापासून हेडलाईटचा बल्ब जायला लागला. बरोबर आहे, कारण टेलचा ५ वॉटचा बल्ब काढला, एलईडीने त्या जागी अर्धा वॉट पण घेतला नाही, मग उरलेलं सगळं हेडलाईटच्या डोक्यावर. यावर उपाय म्हणजे बल्बाएवढा लोड परत द्यायचा. ६ व्होल्ट ५ वॉटसाठी सहाचा वर्ग भागिले पाच म्हणजे ७.२ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर घ्या, टेलच्या वायर आणि बॉडीमध्ये जोडा आणि पत्र्याला टेकवून बसवा. तो चांगलाच तापतो, त्यामुळे टेल लाईटच्या प्लास्टिकच्या काचेजवळ अजिबात नको. वीज वाचवायला एलईडी लावला असेल तर हे बघून वाईट वाटेल, पण बिनरेग्युलेटरच्या गाडीत वाचलेली वीज जाणार कुठे, ती दुसऱ्या बल्बातच जाते.

हळूहळू मंद होऊन मेले तर

हे सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं, आणि याची मुळं दोन आहेत.

पहिलं म्हणजे एलईडीची ओळ रेझिस्टर लावून सरळ एसीवर जोडलेली असते. पेटते, कारण अर्ध्या सायकलला दिशा बरोबर असते. उरलेल्या अर्ध्यात उलटे व्होल्ट बसतात. साध्या ५ मिलिमीटर एलईडीची उलटे व्होल्ट सोसायची मर्यादा साधारण ५ असते. १२ व्होल्ट एसी म्हणजे लाटेच्या शिखराला १७ व्होल्ट, तीन एलईडीच्या ओळीत वाटले तर प्रत्येकी साडेपाचच्या वर, आणि ते समान कधीच वाटले जात नाहीत, एखाद्यावर जास्तच पडतात. तो आधी जातो, मग पुढचा. म्हणून ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी चार डायोडची जोडणी) लागतोच, यात पळवाट नाही.

दुसरं कारण गणिताचं आहे. गाडी १२ व्होल्टची म्हणून रेझिस्टर १२ धरून काढतात. लाल एलईडी साधारण २.१ व्होल्ट घेतो, तीन म्हणजे ६.३, उरले ५.७, २० मिलीअँपसाठी २८५ ओहम, बाजारात मिळतो ३३०, तो लावला. कागदावर सगळं चोख. पण ब्रिज आणि त्यामागचा व्होल्टेज सपाट करणारा कपॅसिटर यांच्या पुढे, रेसवर, डीसी १२ नसतोच. समजा मोजल्यावर १७ आले. उरले १०.७ व्होल्ट आणि ३३० ओहममधून ३२ मिलीअँप वाहणार, म्हणजे झेपतं त्याच्या दीडपटीच्या वर. उडणार नाही लगेच, तापत राहील, मंद होत जाईल, मग जाईल. तेच १७ धरून काढलं तर ५३५ येतात, ५६० ओहम लावा, १९ मिलीअँप. आणि हा रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घ्या, कारण त्यात ०.२ वॉट जळतात, पाव वॉटवाला अगदी काठावर राहतो आणि बंद डब्यात तो करपून तपकिरी झालेला दिसतो.

म्हणून क्रम असा ठेवा की आधी ब्रिज आणि कपॅसिटर जोडा, पुढे एकच ओळ १ किलोओहम लावून पेटवा, गाडी रेसवर घेऊन कपॅसिटरच्या दोन पायांवर डीसी मोजा, जो जास्तीत जास्त आकडा येईल तो धरून सगळे रेझिस्टर काढा. साधं मीटर एसीवर ठेवून घेतलेल्या आकड्यावर हे गणित करू नका, रेग्युलेटर लाटेची टोकं छाटतो आणि स्वस्त मीटरला अशी छाटलेली लाट नीट मोजता येत नाही.

६ व्होल्टवाल्यांनी एका ओळीत दोनच लाल एलईडी ठेवा. ६ एसीचे शिखराला साडेआठ, ब्रिजचे दोन डायोड १.४ खातात, राहिले सात, त्यात तीन एलईडी लावले तर आयडलला जेमतेम टिमटिमतील. दोन ठेवा, २७० ओहम लावून सुरुवात करा आणि मोजून बघा. जमलं तर ब्रिज शॉटकी डायोडचा बनवा, त्यात कमी व्होल्ट वाया जातात आणि ६ व्होल्टच्या गाडीत तो फरक डोळ्यांना कळतो.

उष्णतेबद्दल थोडं. लाल एलईडी तापला की त्याचा उजेड पांढऱ्या किंवा निळ्यापेक्षा जास्त घटतो. गाडी सुरू केल्यावर लख्ख आणि थोडं अंतर गेल्यावर मंद, थंड झाली की परत लख्ख, असं असेल तर बोर्ड तापतोय. एलईडी कमी करा किंवा करंट कमी करा. १५ मिलीअँपला उजेड जवळपास तेवढाच दिसतो आणि आयुष्य कितीतरी वाढतं.

ब्रिज गरम, उजेड अर्धा

ही चूक नीट समजून घ्या, कारण बोर्ड टेबलावर व्यवस्थित चालतो आणि गाडीवर लावला की बिघडतो, माणूस पार गोंधळून जातो. ब्रिजच्या दोन एसी पायांपैकी एक टेलच्या वायरला आणि दुसरा बॉडीला जातो. कॉइलचं दुसरं टोक पण बॉडीलाच आहे. पुढे निघणारं जे डीसी मायनस आहे ते बॉडीचं नाही, ते वेगळं आहे. सवयीने माणूस मायनस म्हणजे अर्थ धरतो आणि ते पण बॉडीला लावतो, की झालं, ब्रिजमधला एक डायोड कायमचा बायपास आणि एका अर्ध्या सायकलला कॉइल उरलेल्या डायोडमधून सरळ शॉर्ट. टेल मंद, हेडलाईट पण लुकलुकते, ब्रिज हात लावू देत नाही.

मुद्दाम वायर लावली नसली तरी हे होतं. बोर्डाच्या कडेला मायनसची पट्टी असते आणि स्क्रू तिला चाटून जातो, नाहीतर मागच्या बाजूचा सोल्डरचा टोकदार कण पत्र्याच्या डब्याला टेकतो. बोर्ड बसवल्यावर गाडी बंद ठेवून डीसी मायनस आणि बॉडी यांच्यात मीटर बझरच्या खुणेवर ठेवून लावा, बझर वाजता कामा नये. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घाला आणि बोर्डाच्या मागे इन्सुलेशनचा पातळ कागद लावा.

टेल आणि ब्रेकच्या ओळी वेगळ्या ठेवून दोघांना स्वतंत्र ब्रिज द्या. एकाच ओळीतून डायोड टाकून मंद-प्रखर करणारी सर्किटं बॅटरीवर छान चालतात, एसीवर त्यातूनच ब्रेक लाईट कायम थोडा थोडा पेटलेला राहणं, टेल लावला की ब्रेक पण लागणं असले प्रकार सुरू होतात. ब्रेकला १९-२० मिलीअँप आणि टेलला ३-४ ठेवले, म्हणजे १७ व्होल्टला ३.३ किलोओहम, की फरक मागच्याला लांबून कळतो. पाचपटीपेक्षा कमी फरक ठेवू नका. टेल खूप प्रखर करायच्या नादात ब्रेक लागलेला कळतच नाही, आणि मागून येणाऱ्याच्या दृष्टीने ते बंद पडलेल्या ब्रेक लाईटइतकंच धोक्याचं आहे.

ब्रेक दाबला की इंजिन बंद

हा प्रश्न आला की लोक कार्बोरेटर खोलायला बसतात. थांबा. काही जुन्या ६ व्होल्ट व्हेस्पांमध्ये ब्रेक लाईट हा इग्निशनच्या वाटेतच बसवलेला आहे. ब्रेक सोडलेला असताना स्विच जोडलेला असतो आणि इग्निशन कॉइलचा करंट त्यातून बॉडीत जातो. ब्रेक दाबला की स्विच उघडतो आणि तोच करंट बल्बाच्या फिलामेंटमधून जायला लागतो, बल्ब पेटतो आणि स्पार्क पण चालू राहतो. म्हणूनच अशा गाडीत ब्रेकचा साधा बल्ब उडाला तरी ब्रेक दाबल्यावर इंजिन बंद पडतं. आता तिथे एलईडीचा बोर्ड लावला तर काही मिलीअँपच्या वर काही जाणार नाही, स्पार्क मेला. पुढे चौक, मागे ट्रॅफिक आणि गाडी बंद, एवढा गंभीर प्रकार आहे हा.

ओळखायचं कसं, तर इंजिन बंद ठेवून ब्रेक स्विचच्या दोन टोकांवर बझर लावा. पेडल सोडलेलं असताना वाजला आणि दाबल्यावर थांबला तर संशय घ्या. मग स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, ब्रेकचा बल्ब काढून इंजिन चालू करा आणि ब्रेक दाबा. बंद पडलं तर खात्री झाली.

अशा गाडीत मी सरळ सांगतो, ब्रेकला फिलामेंटचाच बल्ब राहू द्या आणि टेल तेवढा एलईडीचा करा. काही जण बोर्डाला समांतर रेझिस्टर लावतात, १० वॉटच्या बल्बासाठी ३.६ ओहम. चालतं, पण फिलामेंट गार असताना त्याचा रेझिस्टन्स याहून खूप कमी असतो आणि रेझिस्टर तसा वागत नाही, त्यामुळे आयडलला इंजिन अडखळू शकतं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि १२ व्होल्टचं रूपांतर केलं असेल तर हा प्रश्नच उरत नाही, मग खुशाल दोन्ही एलईडीचे करा.

थरथर, लुकलुक आणि बाकीचं

आयडलला लाईट फडफडतो तो एसीमुळे. मॅग्नेटोचं फ्लायव्हील ६ पोलचं (सहा चुंबकी टोकांचं) असेल तर ९०० आरपीएमला ४५ हर्ट्झ होतात, अर्ध्या लाटेवर पेटणारा एलईडी तेव्हा स्पष्ट फडफडताना दिसतो. ब्रिजने ते ९० होतात आणि कपॅसिटरने उरलेलं भरून निघतं. साधारण १०० मिलीअँपच्या बोर्डाला १००० मायक्रोफॅरडने लहर (व्होल्टेजची उरलेली वरखाली) व्होल्टभराच्या आसपास येते, तेवढं पुरतं. कपॅसिटर ३५ किंवा ५० व्होल्टचा आणि १०५ डिग्रीवाला घ्या, १६ व्होल्टचा लावलात तर फुगणार. ब्रेकच्या बाजूला त्याच्यापेक्षा लहान ठेवा, नाहीतर ब्रेक सोडल्यावर लाईट विझायला किंचित वेळ लागतो. एसीच्या दोन पायांमध्ये १.५केई२४सीए हा दोन्ही दिशांचा टीव्हीएस डायोड टाकला की अधूनमधून येणारे झटके तो गिळतो. रेग्युलेटर मेला असेल तर मात्र तो वाचवू शकत नाही, स्वतःच शॉर्ट होतो.

खड्ड्यात जाऊन टिचकीने परत येणारा लाईट म्हणजे सोल्डर नाहीतर वायर. एलईडीच्या पायाभोवती भिंगातून बघा, सोल्डरवर गोल कडं पडल्यासारखी बारीक भेग दिसते, तिथेच तुटलंय. सोल्डर परत वितळवून नवीन थोडा घाला. वायर बहुतेक वेळा सोल्डर जिथे संपतो त्या टोकाला तुटते, वरचं आवरण शाबूत असल्यामुळे दिसत नाही, हलकेच ओढून बघा, ताणली गेली तर आत तुटलीये. वायर बोर्डाला बांधून टाका म्हणजे हिसका सोल्डरवर येणार नाही. मागे सिलिकॉन भरणार असाल तर न्यूट्रल क्युअरवालं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून ॲसिड सुटतं आणि तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, महिन्यांनी लाईट जातो आणि कारण सापडत नाही.

लाल काचेमागे पांढरे एलईडी लावून उजेड पडत नाही अशी तक्रार पण असते. पांढऱ्या एलईडीमध्ये लाल रंगाचा भाग कमी, काच बाकीचं अडवते, म्हणून लाल काचेमागे लालच लावा. फक्त नंबर प्लेटवर उजेड टाकणारी खालची पारदर्शक खिडकी असेल तर तिथे दोन पांढरे द्या, त्यांचा रेझिस्टर वेगळा काढा, कारण पांढरा ३ व्होल्टच्या वर घेतो.

जुनी काच शक्यतो बदलू नका, तिच्यात रिफ्लेक्टर असेल तर बोर्ड त्याच्या मागे असा बसवा की तो झाकला जाणार नाही. गाडी बंद पडून अंधारात उभी असताना तेवढाच मागच्याला दिसतो. घरी बनवलेल्या लाईटला परवानगी आहे का हे तुमच्या इथल्या नियमात बघून घ्या. आणि जुना होल्डर कापू नका. बोर्डाला त्याच मापाचा कनेक्टर लावा, मूळ होल्डर बल्बासकट टूलबॉक्समध्ये ठेवा, रात्री रस्त्यात काही झालंच तर दोन पिना काढून तो लावता येतो.